गुणवंतांची पापणी

भाईंदरच्या खारी गावात, घरालाच लागून असलेल्या गणपतीच्या कारखान्यात गुणवंत म्हात्रे फक्त डोळे आखतात. सोंड, पितांबर, मुकुट इतरांनी रंगवावेत. आखणी मात्र त्यांची. वडिलांसोबत पेणला शिकले, ते भाईंदरला आल्यावरही तसंच चालू राहिलं. यंदा सण पंधरवड्यावर आला आणि त्यांच्या उजव्या पापणीच्या कडेला रांजणवाडी उठली. उन्हाळ्यापासूनची ही तिसरी. पापणी इतकी सुजली की डोळा निम्मा मिटला. मूर्ती ओळीने, कोऱ्या डोळ्यांनी, वाट बघत राहिल्या.

"थोडा चुना लगा दो, गुणवंतभाई, बैठ जाएगा," शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या.

"चुना भिंतीला लावतात," म्हणत आशाताईंनी नवऱ्याला जेसल पार्कच्या डॉ. रुचितांकडे नेलं.

"चुना डोळ्यात गेला असता तर नजरच गेली असती, काका," डॉक्टर दिव्याखाली पापणी निरखत म्हणाल्या. "ताप नाही, नजर साफ आहे, डोळा फिरवताना दुखत नाही. मग घाबरू नका. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दहा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चारदा. दाबायची, फोडायची नाही. सूज पसरली, ताप आला किंवा अंधुक दिसलं, तर तडक या."

"पण पुन्हा पुन्हा का येते?"

"पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजली, जंतू शिरले, की फुगतात."

गुणवंत दुखणं विसरले. "कुठे? केसांच्या पुढे की मागे?"

डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. केसांच्या मुळांमागे ठिपक्यांची रांग.

"जन्मभर पापण्या काढतोय, हे कधी दिसलंच नाही!"

"आता मला सांगा, डोळ्याला हात कधी लागतो?"

"नाही लागत."

"हो का?" आशाताई म्हणाल्या. "आणि आखणीआधी? आरशासमोर?"

गुणवंतांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. प्रत्येक मूर्तीआधी ते स्वतःच्या पापणीवरून बोट फिरवत. तिचा बाक बोटात उतरला की कुंचला उचलायचा, असं वडिलांनी शिकवलेलं. आणि बोटाला दिवसभराची माती, रंगाची पूड.

"त्याशिवाय तो बाक सापडत नाही हो," ते हळूच म्हणाले.

"मग बोटाला दुसरा गुरू शोधा," डॉक्टर म्हणाल्या.

आठवडाभर आशाताईंनी शेक दिला. रांजणवाडी आपोआप वाहून बसली. गुणवंत साबणाने हात धुऊन मूर्तीसमोर बसले. हात सवयीने वर निघाला. आशाताई खाकरल्या. हात खाली आला, आणि कुंचला तसाच हवेत थांबला.

"अगं, मग तू बस समोर. माझ्याकडे बघ."

"आत्ता? भात लागेल!"

"लागू दे."

त्या बसल्या. गुणवंत बघत राहिले. पापणी कुठे वळते, कुठे जराशी ओघळते.

"लग्नात तरी एवढं बघितलं होतंत का?"

"हलू नको."

रेघ एका दमात उतरली. आशाताईंनी वाकून पाहिलं. "दमलेला दिसतोय हो देव."

"आठवडाभर शेक देत बसलेला ना तो!" म्हणून गुणवंतांनी पुढची मूर्ती ओढली. आतून भात लागल्याचा वास आला. त्यांचा हात डोळ्याकडे गेला नाही, आणि आशाताईही उठल्या नाहीत.