डाव्या बाजूचा सिग्नल

वासिफभाईंच्या दुकानात गिऱ्हाईक फार बोलत नसे. गाडी लावायची, काय बिघडलंय ते बोटानं दाखवायचं आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचं. काही विचारलं तर म्हातारा भलतंच उत्तर देतो, नाहीतर उत्तरच देत नाही. लोक म्हणत, वासिफभाईला गुर्मी आलीय.

गुर्मी नव्हती. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. चाळीस वर्षं अंबाजोगाईत जीपा-ट्रॅक्टरांचं वायरिंग केलं, हजारो हॉर्न कानाशी धरून वाजवून पाहिले, आणि गेल्या सहा वर्षांत कान हळूहळू बंद होत गेले. ही गोष्ट फक्त जैनबबीला, त्यांच्या बायकोला, माहीत होती. ती समोर उभी राहून, ओठ नीट हलवून बोलायची. मुलाचा, आमेरचा, फोन तीच घ्यायची आणि काय म्हणाला ते सांगायची. चार वर्षांपूर्वी ती वारली. आमेर पुण्याहून फोन करी तेव्हा वासिफभाई फोन कानाला लावून दोनदा “हाव बेटा, सब ठीक” म्हणत आणि ठेवून देत. आमेरला वाटलं, अब्बांना बोलायचंच नसतं. त्याचे फोन कमी होत गेले.

बहिरा मेकॅनिक म्हटलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, ही एक भीती. पण त्याहून मोठी लाज होती. म्हणून त्यांनी अंदाजानं बोलायची सवय लावून घेतली होती. समोरच्याचा चेहरा बघायचा, मागच्या भेटीत काय बोलणं झालं होतं ते आठवायचं आणि जमेल ते उत्तर द्यायचं. बहुतेक वेळा निभून जायचं.

मार्चमधल्या एका सकाळी दिंद्रुडचे धोंडीराम आपली जुनी जीप घेऊन आले. वाटेत दहा गॅरेजं लागत असली तरी पंचवीस वर्षं ही जीप वायरिंगसाठी वासिफभाईंकडेच यायची. धोंडीरामांनी डाव्या इंडिकेटरकडे बोट केलं आणि मान हलवली.

“लागत न्हाई?” वासिफभाईंनी विचारलं.

धोंडीरामांनी आणखी काहीतरी सांगितलं. वासिफभाईंनी बल्बची टोपणं उघडली तर आत नवे बल्ब. डॅशबोर्डखाली दिवे लुकलुकवणारी डबी, फ्लॅशर, तोही नवा. म्हणजे कोणीतरी आधी हात मारून पाहिलेला दिसत होता.

पूर्वी ते फ्लॅशरच्या टिकटिकीवरूनच बिघाड ओळखत. टिकटिक जलद झाली तर कुठला तरी बल्ब गेलेला, टिकटिकच नाही तर फ्लॅशर किंवा स्विच. आता टिकटिक ऐकू येत नव्हती, म्हणून त्यांनी अंगठा फ्लॅशरच्या डबीवर टेकवला. इंडिकेटरची दांडी उजवीकडे केली. अंगठ्याखाली बारीक ठोके लागले. डावीकडे केली. काही नाही. मग त्यांनी चारही दिवे एकदम लावायचं बटण दाबलं. चारही लागले, डावे दोन्ही धरून. म्हणजे बल्ब चांगले, मागची वायर चांगली, फ्लॅशर चांगला. उरला स्टिअरिंगखालचा स्विच.

तरी त्यांनी खात्री केली. टेस्टिंग बल्बची एक तार बॉडीला लावली, दुसरी स्विचमध्ये येणाऱ्या तारेला. बल्ब पेटला. दांडी डावीकडे ठेवून तीच तार डाव्या बाजूला जाणाऱ्या वायरीला लावली. पेटला नाही. दांडी जरा हलवली तेव्हा एकदा लुकलुकला आणि विझला. तारांच्या कामात वासिफभाईंनी कधी अंदाज चालवला नव्हता.

बॅटरीची तार सोडवून, हॉर्नचं झाकण काढून ते स्टिअरिंगचा मोठा नट खोलू लागले. डोकं खाली होतं. धोंडीराम दाराशी उभे राहून काहीतरी बोलत होते. वासिफभाईंना फक्त एक घरघर जाणवली. बोलणं थांबलं, तेव्हा उत्तर द्यायला हवं हे त्यांना कळलं. मागच्या खेपेला धोंडीरामांच्या नातीच्या, स्वप्नाच्या, नर्सिंगच्या ॲडमिशनचा विषय निघाला होता. तेच असणार.

“लई चांगलं झालं, दादा!” वर न बघताच ते मोठ्यानं म्हणाले. “आता पेढे आणा.”

नट निघाला. चाक जुन्याच जागी बसावं म्हणून त्यांनी खडूची खूण केली, दोन्ही हातांनी हिसके देऊन चाक उपसलं, तीन स्क्रू सोडवून स्विच बाहेर काढला. उघडून बघतात तर डाव्या बाजूची पितळी पट्टी जळून काळी पडलेली, कागदासारखी पातळ झालेली. घासून चालला असता महिनाभर. त्यांच्या कपाटात अशाच जीपचा एक नवा स्विच कधीचा पडून होता.

जळकी पट्टी दाखवायला ते वळले, तर धोंडीराम तिथं नव्हते.

रस्त्यापलीकडे लिंबाखाली दगडावर बसलेले दिसले. टोपी गुडघ्यावर होती आणि डोक्यावरचे केस काढलेले होते. ताजे, दोन-तीन दिवसांपूर्वीचे.

 वासिफभाई स्विच हातात घेऊनच रस्ता ओलांडून गेले.

“दादा, कोण गेलं?”

धोंडीरामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. काही बोलले असतील तर ते वासिफभाईंना कळलं नाही. ते धोंडीरामांसमोर खाली उकिडवे बसले.

“दादा, मला ऐकू येत न्हाई. सहा वर्षं झाली. कोणाला सांगितलं न्हाई मी. मगाशी तुमी काय बोल्ले, एक अक्षर कळलं न्हाई. मला वाटलं स्वप्नाचं काम झालं.”

धोंडीराम पुढं वाकले. मग ओरडून, एकेक शब्द तोडून म्हणाले, “छबू गेली म्हणलं मी. दहावा परवा झाला म्हणलं. आन तुमी म्हणले लई चांगलं झालं. पेढे आणा म्हणले.”

हे मात्र सगळं ऐकू आलं. हॉटेलातली दोन माणसं वळून बघू लागली. वासिफभाईंनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि मान खाली घातली.

“कावून सांगितलं न्हाई कोणाला?” धोंडीरामांनी विचारलं. आवाज उतरला होता, पण तोंड समोर होतं, म्हणून कळलं.

“लाज वाटत व्हती.”

मग धोंडीराम आपण होऊन बोलू लागले. वासिफभाई त्यांच्या ओठांकडे बघत होते. काही सुटत होतं, काही हाती लागत होतं. डावा सिग्नल आजच बिघडलेला नव्हता. वर्ष होऊन गेलं होतं. गावातच बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला, उपयोग झाला नाही, मग नाद सोडला. कारण त्यांची बायको, छबुबाई, शेजारी डाव्या सीटवर बसायची. शेताकडं वळायचं आलं की धोंडीराम नुसतं “हं” म्हणायचे आणि ती बांगड्यांचा हात खिडकीबाहेर काढायची. मागचे लोक थांबायचे.

“दवाखान्यात आणली तवाबी,” धोंडीराम म्हणाले, “ताप व्हता अंगात, तरी हात काढला बाईनं. काल एकटाच शेतात चाललो व्हतो. वळलो, तर मागून मोटारसायकलवाला पार दाराला घासून गेला. पोरगं पडलं असतं. तवा ध्यानात आलं, आता बाजूला कोणीच न्हाई.”

 या वेळी वासिफभाईंनी अंदाजानं उत्तर दिलं नाही.

ते परत जाऊन कामाला लागले. जुन्या वायरींचे रंग उडून गेले होते, म्हणून एकेक वायर टेस्टिंग बल्बवर तपासून त्यांनी नव्या स्विचला जोडली. खडूच्या खुणेवर चाक बसवलं, नट आवळला, बॅटरीची तार लावली. धोंडीरामांना आत बसवून दांडी डावीकडे करायची खूण केली आणि स्वतः मागं जाऊन उभे राहिले.

“लागतंय!” ते म्हणाले. मग पुढं आले, पुढचाही पाहिला. चाक डावीकडे पुरतं फिरवून सरळ करायला सांगितलं. दांडी आपोआप जागेवर आली.

धोंडीरामांनी दांडी पुन्हा डावीकडे केली आणि तशीच राहू दिली. दोन्ही हात चाकावर ठेवून ते समोर बघत बसले. दिवा लुकलुकत होता. वासिफभाई दारापाशी उभे होते. घाई करा, असं त्यांनी म्हटलं नाही.

निघताना धोंडीराम काहीतरी बोलले. कळलं नाही. वासिफभाईंनी मान हलवली आणि लगेच त्यांना स्वतःचाच राग आला. पण जीप निघून गेली होती.

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर ते एसटीनं दिंद्रुडला गेले. स्वप्नानं अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, चहा आणून दिला.

“उजेडाकडं तोंड करून बसा, दादा,” वासिफभाई म्हणाले. धोंडीरामांनी खुर्ची फिरवली.

तासभर बसले. दवाखान्यातले दिवस, दहाव्याला कोण आलं, कोण आलं नाही, असं बोलणं चाललं होतं. अर्धं सुटलं की वासिफभाई म्हणत, “कळलं न्हाई, पुन्हा बोला.” दोनदा धोंडीरामांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात झटकला.

“जाऊ द्या. काही विशेष न्हाई.”

“न्हाई, बोला.”

धोंडीराम खुर्ची ओढून जवळ आले. “म्हणलं, चहा लई गोड होतो आता घरात. तिला ठावं व्हतं मला कितपत लागतो ते. मीबी कधी स्वप्नाला सांगितलं न्हाई, आन आता सांगावं वाटत न्हाई.”

वासिफभाईंनी ऐकलं. कपातला उरलेला चहा दोघांनीही संपवला.

ऊन कलल्यावर धोंडीराम त्यांना फाट्यापर्यंत चालत सोडायला आले. बस येईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते.  

बसमध्ये कंडक्टर जवळ येऊन काहीतरी म्हणाला.

“मला ऐकू येत न्हाई, साहेब,” वासिफभाई म्हणाले. “अंबाजोगाई द्या.”

कंडक्टरनं तिकीट फाडून त्यांच्या हातावर ठेवलं आणि तो मागच्या सीटकडे गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. वासिफभाई तिकीट मुठीत धरून खिडकीबाहेर बघत राहिले. घरी पोचायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि घरी कोणी नव्हतं.