डॅनिश खुर्चीचा सांधा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. नमाजानंतर हात पसरतो तेव्हाही हे शब्द ओठांवर आणलेले नाहीत. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. रियाधच्या दक्षिणेला, अल खर्जमध्ये फर्निचर दुरुस्तीच्या दुकानात वेत विणायचो. ते काम मला मिळवून दिलं दाऊदभाईंनी. आमच्या दापोलीकडच्या गावाशेजारचेच ते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. लाकडाचा सांधा जोडून झाला की त्यावरून नख फिरवून बघायचे. नख कुठे अडायचं नाही.

इराकने कुवेत घेतलं होतं, आणि युद्ध पेटणार हे सगळ्यांना कळत होतं. ज्याला जमत होतं तो देश सोडत होता. आम्ही कसे सोडणार? पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या व्हिशावर आम्ही होतो त्या दुकानमालकाच्या खणात, आणि त्याच्या सहीशिवाय बाहेर पडता येत नाही. जानेवारीत तो म्हणाला, एकालाच सोडतो. दाऊदभाईंचे वडील अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून त्यांचं नाव ठरलं. मला ते पटलं — म्हणजे, पटल्यासारखी मान तरी मी हलवली.

त्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या डेअरीवरचा एक डॅनिश इंजिनिअर आपली हात असलेली खुर्ची घेऊन आला. बैठकीचा वेत फाटलेला आणि पाठीचा सांधा कोरड्या हवेनं किंचित सैल झालेला. चार दिवसांत त्याला निघायचं होतं, खुर्ची बरोबर न्यायची होती. त्याचे वडील कोपनहेगनला अशाच खुर्च्या करणाऱ्या कारखान्यात सुतार होते. मोडक्यातोडक्या अरबीत त्यानं सगळं सांगितलं, दाऊदभाई मला समजावत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर चार-पाच वर्षांत हिचा आराखडा झाला. पाठ आणि हात जाड सागवानातून कोरून एका ओळीत जोडलेले, कुठे खिळा नाही. सुरुवातीला आराखडा करणाऱ्यानं पाठीचा सांधा वेतानं गुंडाळून झाकला होता. जोड दिसू नये असं त्याला वाटायचं. मग त्यानं दातांत दात बसावेत तसा सांधा केला आणि उघडाच ठेवला. पुढे अमेरिकेत टीव्हीवर निवडणुकीचे उमेदवार या खुर्च्यांवर बसून वाद घालताना दिसले, आणि ती जगभर गेली. दाऊदभाई त्या सांध्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे होते.

त्यांनी त्यात सरसाचा डिंक भरला, लाकडं दाबून धरणारा क्लॅम्प आवळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅम्प काढला. सांधा पक्का बसला होता. मी स्वतः पाहिला होता — हे लक्षात ठेवा.

दुपारी ते नमाजाला गेले. मी एकटा. विषारी वायू आत येऊ नये म्हणून सगळीकडे खिडक्यांना टेप लावत होते. आमचा वरचा झरोका राहिला होता. तेवढ्यात सायरन वाजला. सराव होता, नंतर कळलं. शिडी मागच्या अंगणात होती. मी खुर्ची ओढली. बैठकीचा वेत मी काढलेलाच होता, म्हणून एक पाय चौकटीवर ठेवला आणि दुसरा — खुर्चीच्या हातावर. खुर्चीची पाठ कडाडली. सांधा उघडला आणि सागवानाला लांब चीर गेली.

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं.

कफील आला, त्यानं चीर पाहिली आणि विचारलं. मी म्हणालो, क्लॅम्प जास्त आवळला असेल. बस्, एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? दाऊदभाई परत आले, चिरेवरून नख फिरवलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझाच हात जड पडला रे."

कफील म्हणाला, "खुर्ची नीट होईपर्यंत दाऊद हलणार नाही. इस्माईल, तू जा. खलास."

मला आनंद झाला. हेही सांगायलाच हवं. त्या क्षणी मला फक्त आनंद झाला.

मी निघालो. दाऊदभाईंनी वडिलांसाठी एक ब्लँकेट दिलं. मी ते पोचवलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "दाऊद कधी येतोय?" मी म्हटलं, "येतील लवकर, चाचा." युद्ध पेटलं, क्षेपणास्त्रं पडू लागली. डॅनिश साहेब खुर्ची न घेताच निघून गेला होता. दाऊदभाई मात्र त्या टेप लावलेल्या खोलीत बसून मालक नसलेली खुर्ची दुरुस्त करत राहिले. तेवढ्यात चाचा वारले. मयतीला मी खांदा दिला. त्यांचा मुलगा तिथे नव्हता.

पुढच्या वर्षी दाऊदभाई परतले. नाजूक काम त्यांनी परत हातात धरलं नाही. दाराच्या चौकटी करायचे, फळ्या तासायचे. कुणी खुर्ची करायला सांगितली तर म्हणायचे, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी तिथेच बसलेला असायचो. एक वाक्य बोललो असतो तर? दरवर्षी ते वाक्य आणखी जड होत गेलं.

दाऊदभाई आता सत्तरीपार आहेत. मागच्या ईदला त्यांच्या घरी गेलो होतो. नातजावयाला ते हीच गोष्ट सांगत होते — लढाईच्या वेळी एका गोऱ्या साहेबाची सुंदर खुर्ची आपण क्लॅम्प आवळून फोडली, ती. सांगताना माझ्याकडे वळले. "काय रे इस्माईल, तू होतास ना तिथं?"

मी म्हणालो, "होतो, भाई."

आणि शिरखुर्म्याची वाटी तोंडाला लावली.