पयलं आवतन तुम्हालेच!

माझ्या एका फोनमुळे आमचे तीन नातेवाईक एकत्र आले. माझ्याविरुद्ध.

मी तिसरी शिकलेला माणूस. (चौथीच्या गुरुजींशी माझं पटलं नाही, चूक त्यांची होती.) पण लग्नाच्या आवतनाबद्दल माझा कायदा साऱ्या चिखली तालुक्याला ठाऊक आहे. बोलवायचं तर घरी यायचं, कुंकू लावायचं, हातात अक्षता द्यायच्या. फोनवर बोलावलेल्या लग्नाला मी जात नाही. अशी चार लग्नं सोडली. एका ठिकाणी तर आमरसाची पंगत होती, तरी सोडलं!

आणि नातीचं, आमच्या पूजाचं, लग्न निघालं ते नेमका माझा गुडघा आखडला तेव्हा. एसटीच्या पायरीवर मी अर्धा आत, अर्धा बाहेर लटकायचो. पण गुडघा दुखतो हे कबूल करायला मी काय म्हातारा आहे? मी जाहीर केलं, "आता आपन मॉडर्न झालो. फोनवरच सांगू!"

पूजा हरखली. "आबाजी, इंटरनेटवरून लावू! बॅलन्स कटत नाही, आवाज साफ, अन् तिघायले एकाच फोनमंदी घेता येते!"

तिघं म्हणजे जानेफळची माझी धाकटी बहीण कमळी, मोताळ्याचा मेहुणा दिनकर आणि बुलढाण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला चुलतभाऊ वसंता. तिघांनीही पूजाला अंगाखांद्यावर खेळवलेलं. हे आले नाहीत तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं.

तिनं फोन लावला, माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेली. पडद्यावर तीन गोल फोटो. मी लगेच ताडलं, ज्याच्या फोटोवर बोट ठेवायचं, त्यालाच ऐकू जाणार. (हे कोणी शिकवलं नाही. आपोआप समजलं!)

"हालो! मी बोलून राह्यलो! सगळे गप बसा, मी एकेकाशी बोलतो!" मी असा ओरडलो की शेजारच्या शांताबाईही गप्प झाल्या. फोनमधले तिघंही चिडीचूप. थोरल्याचा मान म्हणतात तो हा.

बोट कमळीवर. "कमळे, पयलं आवतन तुले! दिनकरले तं शेवटी सांगीन. नाही सांगतलं तरी तो जेवाले येतेच!"

फोनमध्ये कोणीतरी ठसकलं. मला वाटलं, रेंज.

बोट दिनकरवर. "दिनकरराव, पयलं आवतन तुमाले! कमळीले अजून कळू देलं नाही. कळलं का आठ दिस आधी येऊन बसन अन् आचाऱ्याले सयपाक शिकवन!"

बोट वसंतावर. "वसंता, पयलं आवतन तुले! तू घरचा मानूस. बाकीचे दोघं म्हन्जे निस्ती गर्दी! फक्त भाषन नको करू बाप्पा. मांगच्या लग्नात नवरदेव उभ्या उभ्या झोपला होता!"

मग वसंताचा थंडगार कचेरीतला आवाज आला, "दादा, पयलं आवतन किती जनायले देलं?"

"तुलेच बे! तुही आन!"

"माही आन काऊन घेता? मी सारंच ऐकून राह्यलो ना!"

"अन् मी बी!" कमळी कडाडली. "मी आचाऱ्याले शिकवतो काय?"

"अन् मी बिनबोलावता जेवतो?" दिनकर.

मी फोन बंद करायचं तांबडं बटण शोधू लागलो. तेही माझ्यावर रुसून कुठेतरी दडलं होतं. शेवटी फोन गोधडीखाली कोंबला आणि वर स्वतः बसलो. तरी खालून तिघांचं चालूच! (इंटरनेटचा आवाज खरोखर साफ असतो.)

"माह्या पोराच्या लग्नाले आला नाही. काऊन? तं फोनवर सांगतलं म्हनून!"

"माह्या पोरीच्याही!"

"अन् आता सोता फोनवर! ठरलं मंग. घरी येऊन कुंकू लावल्याशिवाय आपन कोनी जायाचं नाही."

पूजा चहा घेऊन दारात उभी होती. "आबाजी, ते नाही आले तं?"

दुसऱ्या दिवशी मी कुंकवाचा करंडा आणि गुडघा घेऊन एसटीत. आधी बुलढाणा. वसंतानं दारातच विचारलं, "पयले आमच्याकडेच आले ना, दादा?"

"मंग! पयले तुह्याकडेच!" हे खरं होतं.

पुढं मोताळा. दिनकरचं तोंड एवढंसं झालेलं. "पयले आमच्याकडेच ना, भाऊजी?"

"म्हन्जे काय! पयले तुमच्याकडेच!" मेहुणा खूश. वांग्याचं भरीत करून आग्रहानं वाढलं.

तिसऱ्या दिवशी जानेफळ. कमळीला कुंकू लावलं, अक्षता दिल्या. तिनं माझं लंगडणं पाहिलं, कोमट तेल आणलं आणि गुडघा चोळायला बसली. मग हळूच म्हणाली, "दादा, खरं सांग. पयले कोनाकडे गेलता?"

बहिणीचा हात गुडघ्यावर. खोटं कसं बोलणार? पण तोंडाला सवय! "तुह्याकडेच आलो ना कमळे! बाकीचे दोघं तं अजून राह्यलेच हायत!"

मागच्या कोनाड्यातून हसण्याचा स्फोट झाला. तिथं कमळीचा फोन उभा होता आणि त्यावर दोन गोल फोटो.

"येतो हो आमी लग्नाले!" वसंता हसू आवरत म्हणाला. "पूजाले सांगा. फक्त मांडवात पयला मान कोनाचा, तेवढं आताच सांगून टाका दादा!"

मी ताठ मानेनं फोनपाशी गेलो. मागच्या खेपेस माझं बोट नीट टेकलं नसणार. या वेळी वसंताच्या फोटोवर ते चांगलं दाबून धरलं आणि बाकी कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणालो, "तुहाच बे!"