डाव्या कोपऱ्याचा दिवा

गाड्यांच्या वायरिंगची कामे करणाऱ्या त्या माणसाला सारा बाजार 'फ्यूज' म्हणत असे. तरुणपणी तो चटकन तापायचा आणि मग दिवसभर गप्प राहायचा. वयाबरोबर तापणे गेले; गप्प राहणे आणि नाव तेवढे चिकटून राहिले. त्याला बोलते करू शकणारी व्यक्ती एकच, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि पुढे नवरा वारल्यावर त्याची व्हॅन स्वतः चालवायला घेऊन शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली होती. ताईंच्या गाडीत मूल बसले म्हणजे घरीच पोचले, असे आया म्हणत. या विश्वासावरच तिचे घर उभे होते, आणि भावाला त्याचा स्वतःच्या दुकानापेक्षा अधिक अभिमान होता.

त्या दुपारी ती व्हॅन घेऊन आली ती घाईतच.

"पुढचे कॉर्नर लाइट कायम मोठे राहतील असं करून दे. मुलांना आणायला जायच्या आत."

"कशाला? गाडी आहे की सर्कस?"

"संध्याकाळी वळताना रस्त्याची कड नीट दिसत नाही. तुला जमत नसेल तर सांग, समोरच्या दुकानात जाते."

"त्याच्याकडे गेलीस तर हॉर्न दाबल्यावर वायपर फिरतील," तो म्हणाला आणि कामाला लागला.

काम अवघड नव्हते, पण जबाबदारीचे होते. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यातला तो दिवा एरवी मंद जळतो आणि वळताना मोठा होऊन लुकलुकतो. तो कायम मोठाच ठेवला तर लुकलुकणे त्या उजेडात बुडून जाते, आणि गाडी कुठे वळणार हे समोरच्याला कळत नाही. म्हणून त्याने प्रत्येक बाजूला एक रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका, बसवला. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा स्थिर उजेड तुटावा आणि दिवा उघडझाप करावा, अशी ती योजना होती.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. काम झाले की तो स्वतः सीटवर बसे आणि गिऱ्हाइकाला गाडीसमोर उभे करी. आपल्या कामाला आपणच प्रमाणपत्र देऊ नये, असे त्याचे मत होते. ताई समोर जाऊन उभी राहिली.

"उजवा?"

"लुकलुकतोय."

"डावा?"

"लुकलुकतोय की. छान झालंय. चल, किल्ली दे."

त्याचा हात किल्लीवरच थांबला. डाव्या बाजूच्या रिलेचा टिकटिक आवाज आलाच नव्हता. समोरच्या भिंतीवर पडलेला डावीकडचा उजेडही तसूभर हलत नव्हता. वायर कुठेतरी सैल राहिली होती. ती चूक त्याची होती आणि चार फिरक्यांत सुधारण्यासारखी होती. पण दिवा लुकलुकत नव्हता, आणि ताई तो लुकलुकतो आहे असे सांगत होती.

"नीट बघ ताई. डावा उघडझाप करतोय?"

"अरे, सांगितलं ना एकदा! मला काय आंधळी समजतोस?"

तो खाली उतरला आणि तिच्या डाव्या बाजूने चालत थेट खांद्याशी येऊन उभा राहिला. ती अजून रिकाम्या सीटकडेच पाहत होती. त्याने "ताई" म्हणताच ती केवढी तरी दचकली.

दोघांनाही सगळे कळले.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"डाव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालंय. उजव्याला दिवे फुटल्यासारखे दिसतात." मग आवाज चढवून ती म्हणाली, "रस्ता मला पाठ आहे. एकाही पोराला आजवर खरचटलंसुद्धा नाही."

"रस्ता पाठ असतो. रस्त्यावर मध्येच येणारं पोर पाठ नसतं."

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले की गाडी बंद. बंद गाडीसाठी कोण थांबतं? दुसरी व्हॅन लागली की संपलं सगळं. ज्या हाताने तुला भरवलं, त्याच हातातली किल्ली काढून घेणार आहेस?"

हा घाव वर्मी बसला. किल्ली देऊन टाकावी, दिवे आणखी मोठे करून द्यावेत आणि काही पाहिलेच नाही असे समजावे, हा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. प्रेम माणसाला धीट करते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते त्याला आंधळेपणाचा भागीदार करते. शाळा सुटायची वेळ होत आली होती. त्याने खाली वाकून सैल वायर घट्ट केली, शटर ओढले आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला.

"बस शेजारी. कुठे वळायचं ते सांग."

"भर दिवसा दुकान बंद? लोक म्हणतील, फ्यूज गेला."

"म्हणू देत."

ती बसली. वळणे अचूक सांगत राहिली, पण एकदा डावीकडून सायकलवाला आडवा घुसला, त्याने करकचून ब्रेक दाबला, आणि "काय झालं रे?" असे तिने विचारले. शाळेपाशी गाडी भरली. मागच्या सीटवर मुले खिडकीसाठी भांडत होती.

पहिल्या घराच्या फाटकाशी एक आई उभी होती. मुलीचे दप्तर घेत तिने हसून विचारले, "आज भाऊ चालवतायत वाटतं? बरं नाही का ताई?"

भावाची बोटे स्टिअरिंगवर आवळली. हात दुखतो, कंबर धरली आहे, काहीही सांगून चालले असते. ताई खाली उतरली, चाचपडत फाटकाला धरून उभी राहिली.

"मला नीट दिसत नाही. उद्यापासून मी चालवणार नाही. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही दुसरी सोय बघा."

त्या बाईचे हसू विरले. तिने मुलीला अंगाशी ओढून घेतले. "म्हणजे... कधीपासून दिसत नाही?"

ताईने क्षणभर भावाच्या दिशेने मान वळवली. तो समोरच पाहत होता. हे उत्तर त्याने देण्यासारखे नव्हते.

"बरेच दिवस झाले," ती म्हणाली. "मी सांगायला हवं होतं."

ती बाई मुलीला घेऊन आत गेली. फाटक बंद झाले, आतून कडी लागली. ताई परत सीटवर येऊन बसली, पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली,

"पुढे उजवीकडे वळ. दुसरं घर. तिथंही मीच सांगेन."