आरसा न चमकलेली दुपार

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, ती दुपार मात्र विसरता आलेली नाही. नव्वदच्या दशकातला उन्हाळा. अकोले तालुक्यात डोंगराकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मुद्देमालाची यादी तपासत बसलो होतो, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आत आली.

"सायेब, आज आरसा न्हाई चमकला."

तिचा नवरा वणव्यावर नजर ठेवणारा पहारेकरी. डोंगरमाथ्यावर इंग्रजांच्या काळातली दगडी चौकी आहे, तिथे तो दिवसभर बसे. दुपारी भाकरी खायच्या आधी खाली घराकडे आरसा चमकवायचा, म्हणजे सगळं ठीक. आमचे हवालदार हळूच म्हणाले, "सकाळी त्या अंगाला धूर हुता."

स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. बाईला थांब म्हटलं, पण ऐकेल तर शपथ. वाट म्हणजे नुसती उभी चढण. पायाखालून मुरूम सटकत होता, करवंदीच्या जाळ्या धरून वर सरकायचं. माझी ढेरी तेव्हा नुकती बाळसं धरत होती. बाई मात्र पुढे, आणि दर वळणाला नवऱ्याला हाक. उत्तर नाही.

चौकी रिकामी होती. भाकरीच्या फडक्याची गाठ सोडलेली नव्हती. माणूस घाईने उठून गेला होता. खिडकीतून पलीकडच्या उतारावर जळालेला काळा पट्टा दिसला आणि त्याच्या तोंडाशी एक शेत. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला इकडे राब म्हणतात. त्या राबातलीच आग पसरली होती.

उतरून शेतकऱ्याला गाठलं. भुवया होरपळलेल्या, तरी म्हणतो, "मला काय ठावं न्हाई."

मी आवाज चढवला. गुन्हा, कोठडी, जंगल खातं, सगळं ऐकवलं. बाई मध्ये बोलू पाहत होती, तिलाही गप्प केलं. मी जितका ओरडलो तितका तो मिटत गेला. तासभर गेला, माझा घसा बसला. तेव्हा कुठे ती त्याच्यापुढे जाऊन बसली.

"दादा, आग कुनी लावली ते मला नको. मानूस कुठं हाय तेवढं सांग."

तो ढसाढसा रडला. "वैनी, त्यांनीच मला आग इझवाया मदत केली. म्हनले, तुझं नाव मी सांगत न्हाई, तूबी गप ऱ्हा. अन् घळीच्या वाटेनं वर गेले."

घळीत तो सापडला. जिवंत होता, पण पाय दरडीखाली चिरडलेला आणि धुराने आवाज गेलेला.

नगरच्या दवाखान्यात जीव वाचला, पाय कापावा लागला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तासभर आधी आणला असता, तर कदाचित पाय राखता आला असता."

भ्यालेल्या माणसाला आणखी भेवडावलं की तो खरं बोलत नाही, हे पुढे मी नव्या फौजदारांना कित्येकदा सांगितलं. त्या दिवशी मात्र बाईने दवाखान्याच्या दारात मला हात जोडले. "सायेब, तुमच्यामुळं माझं कुंकू राह्यलं."

डॉक्टर काय म्हणाले, ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.