आप्पाजीनं फोन कट केला

वासुदेव अण्णांशी माझी ओळख भांडणानं झाली. राजाजीनगरला आमच्या संस्थेचं ज्येष्ठांसाठी केंद्र आहे. सकाळी गाडी घरोघर फिरून सगळ्यांना घेऊन येते. मग गुडघ्यांचे व्यायाम, रक्तदाब तपासणी, दुपारी गरम जेवण आणि उरलेला वेळ गप्पा. मुलाच्या नोकरीपायी मी पुण्याहून इथं कानडी मुलखात आले, आणि घरात सुनेच्या मागे कटकट करत बसण्यापेक्षा बरं म्हणून या कामात पडले. पहिल्याच दिवशी अण्णा ताटाकडे बघून म्हणाले, "अक्का, सांबारात गूळ घालणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभं करा." गूळ मी घातला नव्हता, पण बोलणी मी खाल्ली. ऐकून घेणाऱ्यातली मी नव्हेच. "नको असेल तर ताकभात जेवा," म्हटलं. शेजारी बसलेले आप्पाजी टेबलावर थाप मारून हसले. त्यांना आमचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. अण्णांचं तोंड उतरलेलं दिसलं, तेवढं त्यांना पुरलं.

दोघेही निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कन्नड. तरुणपणी यशवंतपूरच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर शेजारी शेजारी उभे राहिले. त्या आवाजानं आप्पाजींचे कान गेले. अण्णांचे कसे वाचले, देव जाणे. अण्णांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, एका खोलीत एकटेच राहायचे. दोन गल्ल्या सोडून राहणारे आप्पाजी हेच त्यांचं गणगोत.

मग आप्पाजींच्या मुलानं, नागराजनं, जे. पी. नगरला घर घेतलं आणि वडलांना तिकडं नेलं. म्हणजे शहराचं दुसरं टोक. आमची गाडी तिथवर जात नाही. अण्णा एकदा बस बदलत बदलत गेले, उतरताना पडले आणि हात गळ्यात बांधून परतले. त्यानंतर आप्पाजींनी त्यांना शपथ घातली, की पुन्हा एकटं यायचं नाही. अण्णांनी ती पाळली, पण नाइलाजानं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला एक सोबती नेमून देतो. सकाळी त्याला फोन करून ख्यालीखुशाली विचारायची आणि आम्हाला कळवायचं. अण्णांनी हट्टानं आप्पाजीच मागून घेतले. आता बहिऱ्या माणसाशी फोनवर काय बोलणार? पण या दोघांनी आपापसात ठरवून टाकलं. सकाळी अण्णांनी फोन लावायचा. आप्पाजी फोन खिशात ठेवायचे, तो थरथरला की त्यांना समजायचं, आणि त्यांनी तो कट करायचा. कट झाला म्हणजे माणूस धडधाकट आहे. नुसताच वाजत राहिला, तर काहीतरी बिघडलंय.

"ही काय चौकशी झाली?" मी हसले होते.

"त्याचं बोट हललं, मला कळलं," अण्णा म्हणाले. "आणि काय पाहिजे, अक्का?"

रोज गाडीतून उतरले की आधी मला सांगायचे, "आप्पाजी सरी आहे," म्हणजे ठीक आहे. मग व्यायाम, मग सांबाराला नावं ठेवणं. एखाद्या दिवशी फोन कट व्हायला उशीर झाला, तर हा माणूस चहाला शिवायचा नाही. गाडीत बसून पुन्हा पुन्हा फोन लावायचा, शेजारच्यावर खेकसायचा. कट झाला की गुमान चहा मागायचा आणि त्यात पाव बुडवून खायचा. मला तो पोरकटपणा वाटे. नंतर नंतर मीही त्या फोनची वाट बघायला लागले.

यंदा संक्रांतीला केंद्रात तिळगुळाचा कार्यक्रम ठरला. मी वरच्या लोकांशी वाद घालून गाडी एक दिवस जे. पी. नगरला न्यायची परवानगी काढली. नागराजला मेसेज टाकला, की सकाळी आप्पाजींना न्यायला येतोय. त्यानं वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर मात्र नाही. हल्ली उत्तर न देणं हेच उत्तर असतं, म्हणून मी चिडले आणि सोडून दिलं.

संक्रांतीच्या सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला विभूती लावून उभे होते. "लावला फोन. लगेच कट केला गड्यानं. तोपण तयार होऊन बसलाय की," म्हणाले. ड्रायव्हरशेजारी बसून सबंध वाटेत ते मला एकच गोष्ट सांगत होते, आप्पाजीनं एकदा साहेबाच्या डब्यातली चटणी कशी लंपास केली ती. मी तिसऱ्यांदाही हसले. त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नागराजचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्या मजल्यावर सगळ्यांच्या दारात रांगोळ्या होत्या, उसाची कांडं होती. एकच दार मोकळं होतं. अण्णांना थांबवायला मी हात पुढे केला, पण त्यांनी तोवर घंटी वाजवली होती. दार उघडलं ते आप्पाजींच्या सुनेनं, प्रियदर्शनीनं. तिच्या मागे भिंतीला टेकून आप्पाजींचा फोटो ठेवला होता, त्याला शेवंतीचा हार, समोर दिवा.

अण्णा उंबऱ्यातच थांबले. मी त्यांचा दंड धरला.

"हे कधी?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात," ती म्हणाली. "निमोनिया झालता. दवाखान्यातच गेले."

"पण आज सकाळी त्यानं फोन कट केला," अण्णा म्हणाले. लहान मुलाला समजावतात तसं, हळूच. "आज केला. काल केला."

प्रियदर्शनी रडायला लागली. "अण्णा, मी केला."

मग तिनं सांगितलं. दवाखान्यात आप्पाजी फोन पोटावर ठेवून पडायचे. सकाळी तो थरथरला की स्वतः कट करायचे. बोटांतलं बळ गेलं तेव्हा तिला खूण करायचे. "मामा म्हणाले, वासण्णाला कळवू नको. तो बस बदलत येईल, पडेल कुठंतरी. तू फोन कट करत जा, म्हणजे तो जेवेल."

"आणि गेल्यानंतर?" मी जरा जोरातच विचारलं. मला संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. "कळवावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटायचं. यांना तुमचा मेसेज आला, यांच्यानं उत्तर लिहवेना. आणि सकाळी फोन वाजला की माझा हात आपसूक जायचा." तिनं पदरानं डोळे पुसले. "कधी थांबायचं ते मामांनी सांगितलंच नव्हतं."

तिला काय बोलायचं? अण्णा फोटोसमोर बसले, नमस्कार केला नाही, रडले नाहीत. तिनं आणलेलं पाणी प्यायले. "स्वल्प बसतो," म्हणाले आणि बराच वेळ बसून राहिले. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू चांगलं केलंस ग, पोरी," म्हणाले. मनापासून म्हणाले की रीत म्हणून, मला आजही सांगता येत नाही.

परत येताना ते माझ्याशेजारी मागे बसले. मी माझ्या परीनं समजूत घातली. म्हटलं, शेवटपर्यंत तुमचीच काळजी होती त्यांना. असा जीव लावणारं माणूस कुणाला मिळतं?

"ते खरंच की," अण्णा म्हणाले. बाहेर बघत राहिले. मग एकदम त्यांचा आवाज चिरकला.

"पण तो तिथं मरत होता अक्का, आणि मी चहात पाव बुडवून खात होतो. रोज. खुशीत." त्यांनी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. "पडलो असतो तर पडलो असतो. मलापण त्याची काळजी करू द्यायची होती. मला दुसरं कोण होतं काळजी करायला?"