वर्षाबाहेरचे पाच दिवस

तेतोसिरी माझी शेजारीण. दोन्ही घरांत एकच मातीची भिंत होती. ती पाट्यावर जव रगडू लागली की माझ्याकडची मडकी थरथरत. ती मिसरी, तिचं माहेर नदीतल्या याच बेटावरचं, मेंढ्याच्या तोंडाच्या ख्नूम देवाच्या देवळामागचं. तिचा बाप देवळाच्या मेंढ्यांना चारा घालायचा. ती मात्र यहूदी शिपायाशी लग्न करून आमच्या छावणीच्या गल्लीत आली. यिस्लाह त्याचं नाव. मी अरामी, पलीकडच्या काठावरच्या सुएनेची. माझा नवरा यिस्लाहच्याच पलटणीत होता, आणि सासूच्या हाताखाली शिकून गल्लीतली बाळंतपणं मी करू लागले होते.

गल्ली अशी असल्यामुळे आमच्याकडे कुठलाही दिवस एकटा येत नसे. तेतोसिरीच्या लोकांचे महिने सगळे सारखे, आणि वर्षाच्या शेवटी पाच दिवस उरायचे. ते कुठल्याच महिन्यात नाहीत. आमचे आणि यहुद्यांचे महिने चंद्रावर, बाबेलच्या रीतीने. अधिक महिना कधी धरायचा ते तिकडून कळवत. सालाचा आकडा राजाचा, तो गादीवर बसल्यापासूनचा.

त्या वर्षी तो आकडाच हरवला. दूर राजधानीत, सूसाच्या महालात राजाला मारल्याची बातमी नावेवरून आली. गादीवर कोण बसलं, कुणी छातीठोकपणे सांगेना. अधिक महिन्याचा निरोप आला नाही. मग एक दिवस पलटणीतली निम्मी माणसं नावेत भरून खाली उत्तरेला पाठवली. का, ते त्यांनाही सांगितलं नाही. त्यांत तेतोसिरीचा जावई शिल्लेम होता. तिची मुलगी सल्लूआ तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती.

शिल्लेम गेल्यापासून तेतोसिरी लेकीच्या पोटाकडेच बघत असायची.

एकदा मला म्हणाली, "काय वाटतं तुला? कधी?"

"थंडीत. नदी पुरती उतरली की."

"वर्षअखेरीला?"

"होऊ शकेल."

तिने हातातला कणकेचा गोळा खाली ठेवला. ते पाच दिवस तिच्या लोकांत वाईट, आणि त्यातला तिसरा सगळ्यात वाईट. तो सेत देवाचा जन्मदिवस. ज्याने सख्ख्या भावाला मारलं त्याचा. त्या दिवशी ते नवं काम काढत नाहीत, नाव पाण्यात घालत नाहीत.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचं आणि यिस्लाहचं बोलणं ऐकू आलं.

"तुमच्यात काय चाललंय तेव्हा?"

"किस्लेव. साधा महिना आहे. कुणाचं काही नाही त्यात."

"अहो, तुमच्यात साधा असून काय उपयोग? पोर या बेटावर जन्माला येणार."

"बेटावर आमचाही देव आहे, तेतोसिरी. तुझ्या मेंढ्याला खेटूनच बसलाय."

एरवी ती हसली असती.

पाण्यावर बायका बोलत होत्याच. गल्लीच्या टोकाच्या एका बाईने सल्लूआला विचारलं, "तुझं पोर पुढे कोणत्या सालचं म्हणून सांगेल गं? मेलेल्या राजाच्या, की न बसलेल्या?" बाकीच्या खिदळल्या. तेतोसिरी घडा अर्धाच भरून लेकीला घेऊन परत आली. त्यानंतर तिने सल्लूआला पाण्यावर नेलंच नाही.

पाच दिवस सुरू झाले. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी यिस्लाह माझ्या दारात उभा राहिला. दाढीला हात लावत होता आणि काढत होता.

"वहिनी, जरा येता का? सल्लूआला सकाळपासून कळा आहेत. तिची आई म्हणते, तुम्हाला बोलवायचं नाही."

"सकाळपासून? आणि तुम्ही आत्ता येताय, भावजी?"

तो वाटेतून बाजूला सरला.

मी त्यांच्या घरात गेले. सल्लूआ चटईवर आडवी होती. ओठ पांढरे पडलेले, केस कपाळाला चिकटलेले. तिच्या मांड्यांभोवती तागाचं फडकं घट्ट गुंडाळून गाठ मारली होती. तेतोसिरी उशाशी बसून तिचे दोन्ही हात धरून होती.

"हे काय केलंस?"

"उद्या पहाटेपर्यंत फक्त," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "उद्या इसिसचा दिवस. चांगला आहे. मी तिला सांगितलंय, धीर धर."

"बाई, हे धरून ठेवायचं काम आहे का?"

दाराबाहेरून यिस्लाह म्हणाला, "अगं, आमचा दिवस सूर्य बुडाला की संपतो. आजच्यापुरतं आमचं धर. पहाटेपर्यंत नको ताणूस."

ती खरंच विचार करत होती.

"कुठे आहे सूर्य?"

"टेकडीच्या वर. हातभर."

"मग तेवढं थांबू."

मी सल्लूआच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं झालं होतं आणि सैल पडत नव्हतं. बाळाची हालचाल लागेना. मी तेतोसिरीचा हात ओढून तिथे ठेवला.

"बघ. सूर्य बुडेपर्यंत ही राहील असं मला वाटत नाही."

"आई," सल्लूआ म्हणाली, "सोड मला." आवाज इतका बारीक होता की बाहेर ऐकू गेला नसेल.

तेतोसिरीने गाठीला हात घातला. फडकं घामाने ओलं होऊन आवळलं होतं, गाठ हलेना. सुरी कुठे ते तिला आठवेना. शेवटी तिने खाली वाकून दातांनी गाठ ओढली आणि सोडवली.

पुढचं भराभर झालं. आम्ही सल्लूआला बाळंतपणाच्या विटांवर बसवलं. तेतोसिरीने मागून काखेत हात घालून तिला धरलं आणि ती एकच म्हणत राहिली, "येऊ दे. आजच येऊ दे." भिंतीवर अजून ऊन होतं तेव्हा मुलगा माझ्या हातात आला. निळा, मऊ, पिळून ठेवलेल्या कपड्यासारखा. मी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. तरी काही नाही. तेतोसिरी गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडावर फुंकर घालत होती. मी मनात आशा सोडली होती. मग तो मांजरासारखा कुरकुरला आणि रडू लागला.

दुसऱ्या दिवशी मला पेज देताना ती म्हणाली, "माझा धाकटा भाऊ तिसऱ्या दिवशीचा होता. तुला कधी सांगितलं नाही."

"गेला?"

"जगला. चांगला धडधाकट होता. पण शेळी मेली तरी त्याच्यामुळे, भाकरी करपली तरी त्याच्यामुळे. आईसुद्धा म्हणायची. मीही म्हणायचे. एक दिवस तो नावेत बसून निघून गेला. कुठे, ते कळलं नाही. दिवसाने त्याचं काही केलं नाही गं. आम्हीच केलं."

नवं वर्ष लागलं. नवा राजा बसल्याची दवंडी झाली. पण उत्तरेकडून शिल्लेमची नाव येईना. दुसऱ्या दोन नावा आल्या, त्यांत तो नव्हता. पाण्यावर बायका आता हसत नव्हत्या. हळू आवाजात पायगुण काढत होत्या, आणि सल्लूआच्या कानावर ते येतच होतं. ती बाळाला पाजताना तोंड फिरवून बसू लागली.

ते पाहिलं आणि तेतोसिरी नातवाला उचलून थेट पाण्यावर गेली. मी मागे धावले. तिने त्याला उंच धरलं नाही की काही नाही, नुसतं कडेवर घेऊन उभी राहिली.

"तिसऱ्या दिवशी झालाय," ती म्हणाली. "मी त्याला जवळजवळ मारलं होतं त्या दिवसापायी. कुणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. पोराच्या आईला ऐकवायचं नाही."

गल्लीच्या टोकाची ती बाई धुणं तसंच टाकून घरी गेली.

जव कापणीला आला तेव्हा शिल्लेम परतला. वाळलेला, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. लढाईत नाही, नावेच्या दोरात अडकून. मुलगा झाल्याचं ऐकून तो उंबऱ्यावरच बसला. तेतोसिरीने दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत स्वतःच सांगितलं, कुठल्या दिवशी, आणि तिने काय केलं तेही.

त्याने सल्लूआकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली एका छावणीत अधिक महिना धरला होता, पुढच्या छावणीत नव्हता. आम्ही कुठल्या महिन्यात होतो तेच आम्हाला माहीत नव्हतं, सासूबाई. द्या त्याला इकडे."

सासूशी मात्र तो पुढे बरेच दिवस तुटकच बोलला. सल्लूआने लवकर माफ केलं, त्याला वेळ लागला.

पुढच्या वर्षी ते पाच दिवस आले तेव्हा पोरगं चालायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या मिसरी बायकांनी आपापली मुलं आत घेतली. तेतोसिरीने दार उघडं ठेवलं, त्याला बाहेर सोडलं, आणि दिवसभर दोन्ही हात पुढे करून त्याच्या मागे मागे चालत राहिली.